घरी बनवा गिटारचा पिकगार्ड: कोकणातल्या दमट हवेत टिकेल असा

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकगार्डचं, म्हणजे बॉडीवर तारांखाली स्क्रूंनी बसवलेल्या पातळ तबकडीचं, खरं काम पुठ्ठ्यावर होतं. शीट कापणं, भोकं पाडणं, कड घासणं ही कामं सुतार करून देईल, लेझरवालाही करून देईल. तुमच्या गिटारचं माप मात्र तुम्हालाच काढावं लागतं, आणि नेक, म्हणजे गिटारची मान, जिथे बॉडीत बसतो त्या खाचेपाशी ते अर्धा मिलिमीटर जरी चुकलं तरी हौसेने आणलेली शीट बॉडीवर बसत नाही. म्हणून या लेखात टेम्पलेटवर, म्हणजे शीट कापण्याआधी करायच्या मापाच्या नमुन्यावर, मी बराच वेळ घालवणार आहे. पहिल्यांदा करणाऱ्यानेही आपला अर्धा वेळ तिथेच घालवावा.

तयार पिकगार्ड मागवला तर? मागवता येतो, पण स्ट्रॅटसारख्या दिसणाऱ्या सगळ्या गिटारींचे स्क्रू एकाच जागी नसतात. मूळ फेंडर स्ट्रॅटोकास्टरचंच बघा. १९५४ साली ती आली तेव्हा पांढरा, एकाच थराचा, आठ स्क्रूंचा पिकगार्ड होता. १९५९ च्या सुमारास तीन थरांचा, अकरा स्क्रूंचा आला. मूळ कंपनीतच असा फरक, मग तिच्या धर्तीवर वेगवेगळ्या कारखान्यांनी काढलेल्या स्वस्त गिटारींमध्ये तो आणखी वाढतो यात नवल नाही. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात, कॉलेजच्या पोरांकडे दिसणाऱ्या बहुतेक गिटारी याच जातीच्या. मागवलेला पिकगार्ड त्यांच्यावर ठेवला की तीन स्क्रू जुळतात आणि बाकीचे हवेत राहतात.

आधी आपली गिटार ओळखा

पिकगार्डचे दोन प्रकार धरून चाला. टेलिकास्टरसारख्या गिटारवर तो नुसतं झाकण असतो: प्लेक्ट्रमचे (तारा छेडायच्या चकतीचे) ओरखडे बॉडीवर पडू नयेत आणि नेकजवळच्या पिकअपची (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी भागाची) खाच झाकली जावी, एवढंच त्याचं काम. कंट्रोल वेगळ्या धातूच्या पट्टीवर असतात. स्ट्रॅटच्या धर्तीच्या गिटारवर मात्र तिन्ही पिकअप, तिन्ही पॉट (आवाज आणि टोन कमीजास्त करायची फिरती बटणं) आणि कुठला पिकअप वाजवायचा ते निवडणारा सिलेक्टर स्विच पिकगार्डलाच लटकलेले असतात. म्हणजे तो झाकणही आहे आणि सगळ्या वायरिंगचा पायाही.

हातात दोन्ही असतील तर सुरुवात टेलिकास्टरपासून करा. भोकं कमी, वायरिंगला जवळजवळ हात लावायचा नाही, आणि पहिल्याच प्रयत्नात समाधान वाटेल असं काम होतं. पुढे मी लिहितोय ते मुख्यतः स्ट्रॅटसाठी, कारण अवघड तेच आहे. त्यातलं निम्मं गाळलं की टेलिकास्टरचं काम होतं.

उघडताना

तारा काढा. नेकही काढावा लागणार आहे, पण आधी पिकगार्डचे स्क्रू काढून तो हलकेच उलटा करा आणि वायरिंगचे भरपूर फोटो काढा. कुठली वायर कुठल्या पॉटच्या कुठल्या पायाला, हे फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. स्ट्रॅटमध्ये बॉडीला अडकलेल्या वायरी सहसा तीनच असतात: जॅककडे जाणाऱ्या दोन, आणि मागे ट्रेमोलोच्या स्प्रिंगांच्या पंजाला जाणारी ग्राउंडची एक. या तीन सोडवल्या की सगळी तबकडी बॉडीपासून मोकळी होते. सोल्डरिंगचा हात नसेल तर गावातल्या बेंजो पार्टीच्या पोरांना विचारा. बेंजोला पिकअप बसवणं, तुटलेला जॅक जोडणं हे त्यांचं नेहमीचं काम, आणि ती शिकवतातही आनंदाने.

स्क्रू एका डबीत ठेवा आणि त्यांची तब्येत बघा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या गिटारीत पिकगार्डचे स्क्रू बहुधा गंजलेले निघतात. डोकं गंजलेला स्क्रू परत वापरू नका. हार्डवेअरच्या दुकानात, विशेषतः बंदराजवळच्या, स्टेनलेस स्टीलचे बारीक लाकूड-स्क्रू मिळतात. साधारण ३ मिमी जाडीचे आणि १२ ते १३ मिमी लांबीचे घ्या. दुकानदाराला जुना स्क्रू दाखवणं सगळ्यात सोपं.

टेम्पलेट

जुना पिकगार्ड धड असेल आणि आकार तोच हवा असेल तर तो पुठ्ठ्यावर ठेवून बारीक पेन्सिलीने गिरवता येतो. पेन्सिल कलली की रेघ बाहेर सरकते, म्हणून टोकदार लीडची पेन्सिल सरळ उभी धरा. मात्र जुना पिकगार्ड मापाला खरा आहे हे गृहीत धरू नका. जुने सेल्युलॉइडचे पिकगार्ड काळाने आक्रसतात आणि स्क्रूजवळ तडकतात. स्वस्त प्लास्टिकचे उन्हात राहून वाकतात. बॉडी हेच खरं माप.

माझी पद्धत पारदर्शक फिल्मची. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी जाड पारदर्शक शीट चालते. घरात जुन्या एक्स-रे फिल्म पडून असतात, त्यातली फिकट असलेली तर फारच छान, कारण ती कडक असते, कात्रीने कापली जाते आणि पावसाळी हवेत पुठ्ठ्यासारखी मऊ पडत नाही. काळी फिल्म ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवली की वरचा काळा थर सुटतो आणि स्वच्छ पारदर्शक फिल्म उरते. हे मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करा आणि ते पाणी विहिरीच्या किंवा झाडांच्या आसपास ओतू नका, त्यात चांदीचा अंश असतो.

आता नेक काढलेल्या बॉडीवर फिल्म मास्किंग टेपने घट्ट बसवा. बारीक मार्करने खालचं सगळं वर उतरवा: नेकच्या खाचेच्या कडा, ब्रिजच्या (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या भागाच्या) पत्र्याची कड, पिकअप आणि कंट्रोलच्या खाचा, जुन्या स्क्रूंची भोकं. यात नेक आणि ब्रिज या दोन जागा पक्क्या, त्यांच्याशी तडजोड नाही. म्हणून फिल्म आधी नेकच्या बाजूने कापा, थोडी मोठी ठेवून, आणि बसवून बघत बघत कमी करत आणा. नेक बसवल्यावर दोन्हीकडे कागद सरकेल इतकी फट राहिली की ती बाजू झाली. मग ब्रिजकडची बाजू तशीच. बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी, आणि तिथे तुम्ही मोकळे आहात. शिंग लांब करा, खालची बाजू गोल करा, हवं तसं करा. फक्त खालची प्रत्येक खाच झाकली गेली पाहिजे आणि प्रत्येक स्क्रूखाली सबंध लाकूड आलं पाहिजे. खाचेच्या कडेपासून स्क्रू किमान ६ ते ८ मिमी दूर ठेवा, नाहीतर पातळ भिंत फुटते.

पिकअपच्या जागा फिल्मवर कापण्याआधी एक काम न चुकता करा. नेक परत लावा आणि फक्त दोन बाहेरच्या तारा, जाड ई आणि बारीक ई, चढवा. ताणायच्या नाहीत, सरळ राहतील इतक्याच. या दोन तारांच्या बरोबर मधून जाणारी रेघ फिल्मवर मारा. ही तुमची मध्यरेषा. पिकअपच्या लोखंडी खुंट्या तारांच्या खाली याव्यात म्हणून पिकअपची जागा या रेषेवरून ठरवायची, जुन्या भोकांवरून नव्हे. ब्रिजवर दोन बाहेरच्या तारांमधलं अंतर जुन्या पद्धतीच्या ब्रिजला सुमारे ५६ मिमी असतं आणि नव्या पद्धतीच्याला ५२ च्या आसपास. कुणी मधे ब्रिज बदललेला असेल तर जुना पिकगार्ड त्याच्याशी जुळतच नसतो, आणि एका बाजूची तार दबलेली ऐकू येते ती बहुधा यामुळेच.

इंटरनेटवरून आयता नकाशा उतरवून घेतला असेल तर झेरॉक्सच्या दुकानात तो शंभर टक्के मापातच छापायला सांगा. कागदात बसवण्यासाठी मशीन आपोआप आकार लहान करतं. स्ट्रॅटचा पिकगार्ड ए४ कागदावर मावत नाही, ए३ लागतो. नकाशावर मोजपट्टी छापलेली असते, ती खऱ्या पट्टीशी ताडून बघा आणि मगच पुढे जा. नंतर तो कागद पुठ्ठ्यावर डकवून बॉडीवर ठेवा. नकाशा कितीही सुबक दिसला तरी बॉडीवर ठेवल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

फिल्म समाधानकारक झाली की तिच्यावरून ६ मिमी प्लायवूडचं पक्कं टेम्पलेट करा. एमडीएफही चालतं, कापायला सोपंही जातं, पण ते ओलाव्याने फुगतं. आषाढात कापलेलं एमडीएफचं टेम्पलेट दिवाळीत वापरायचं असेल तर त्याच्या कडा आधी वॉर्निशने बंद करा.

कशाचा बनवायचा

नेहमीच्या तीन थरांच्या पिकगार्डची जाडी साधारण २.३ मिमी असते. दीड ते तीन मिमीमधलं काहीही चालतं. तीनच्या वर जाऊ नका. पॉटच्या मानेचे आटे अपुरे पडतात आणि नट लागत नाही. बावीस फ्रेटच्या नेकची जीभ पिकगार्डवर येते, तिलाही जाड शीट अडते.

माझं मत विचाराल तर पहिल्या पिकगार्डला सनमायका घ्या. होय, फर्निचरवर लावतात तोच. कोकणातल्या कुठल्याही सुताराकडे हात-दीड हाताचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, आणि मागितले तर बहुधा पैसेही घेत नाही. रंग आणि नक्षी शेकड्याने. कागदाचे थर रेझिनमध्ये दाबून बनलेली ही वस्तू कडक असते, उन्हात वाकत नाही, घामाने खराब होत नाही. एक शीट साधारण १ मिमीची असते, म्हणून दोन तुकडे पाठीला पाठ लावून चिकटवायचे. असं केल्याने दोन फायदे होतात. एकच शीट ओलाव्याने एका बाजूला वळते, पण पाठीला पाठ लावली की दोन्हीकडचा ओढा सारखा होऊन ती सपाट राहते. आणि कड तिरकी घासली की मधला तपकिरी किंवा काळा थर बारीक रेघेसारखा दिसतो. तीन थरांच्या महागड्या पिकगार्डला जी कड असते तीच ही, आणि ती आपोआप मिळते.

चिकटवायला सुतार वापरतात तो पिवळसर रबरी फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंना लावून हात न चिकटेपर्यंत सुकवायचा आणि मग दाबायचा. पण हा उघड्या हवेत सुकतो तेव्हा त्यातला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट दिवशी त्यावर हवेतलं पाणी धरतं. थर पांढुरका दिसतो आणि पकड कच्ची राहते. म्हणून हे काम मार्गशीर्ष ते फाल्गुन या दिवसांत करा. पावसातच करायचं असेल तर दोन भागांचं अ‍ॅरल्डाइट वापरा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. घरचा पाटा वजनाला उत्तम.

दुसरा पर्याय अ‍ॅक्रिलिकचा. नावाच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे २ आणि ३ मिमीची शीट मिळते आणि त्यांचे उरलेले तुकडे आपल्या कामाला पुरतात. अ‍ॅक्रिलिक दिसायला सुंदर, पण ठिसूळ. स्क्रू आवळून बसवला तर भोकापासून चीर जाते. उष्णतेने ते बऱ्यापैकी वाढतं, तीनशे मिलिमीटरच्या तुकड्यात वीस अंशांच्या फरकाने जवळजवळ ०.४ मिमी. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली गिटार आणि रात्री गारव्यात वाजवलेली गिटार यांत इतका फरक सहज पडतो. यावर उपाय सोपा आहे, भोकं स्क्रूपेक्षा जरा मोठी ठेवायची. पुढे सांगतो.

पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा एक उपयोग मला फार आवडतो: पाठीमागून रंगवणं. चित्र मागच्या बाजूला काढायचं आणि पुढून बघायचं, त्यामुळे प्लेक्ट्रम कितीही घासलं तरी रंगाला काही होत नाही. सावंतवाडीच्या गंजिफाचे गोल पत्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना तो लाल, पिवळा, काळा रंग आणि दशावतारातले मत्स्य-कूर्म डोळ्यांसमोर येतील. असं काही पिकगार्डवर उतरवायचं तर चित्र आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं आणि क्रमही उलटा: आधी डोळे, दागिने, बारीक रेषा, मग अंगाचे रंग, शेवटी मागचा सपाट रंग. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंगच वापरा. स्प्रेच्या रंगातलं थिनर शीट खाऊ शकतं, म्हणून तो आधी तुकड्यावर मारून बघा. स्वतःला चित्र काढता येत नसेल तर गणपतीच्या चित्रशाळेत डोळ्यांची आखणी करणाऱ्या माणसाला विचारा. त्या हाताइतकी स्थिर रेघ दुसऱ्या कुणाची नसते. फक्त श्रावणात जाऊ नका, अनंत चतुर्दशीनंतर जा.

दुकानांच्या दर्शनी भागाला लावतात ती एसीपी शीटही वापरता येते. दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिक असतं, वजनाला हलकी आणि न तडकणारी. धातू आत असल्याने शील्डिंगला, म्हणजे बाहेरची गुणगुण अडवायला, मदत होते, पण पत्र्यावर रंगाचा थर असतो. ग्राउंड जोडायच्या जागी तो खरवडून काढावा लागतो.

लाकडाचा मोह अनेकांना होतो, आणि फणसाचं लाकूड आपल्या अंगणातलं. वीणा आणि मृदंग ज्या लाकडाचे होतात ते हेच. ताजं कापलेलं पिवळंधमक असतं आणि वर्षांनी गडद तपकिरी होतं. पण तीन मिमीची फळी आमच्या पावसात वळते. दोन पातळ थर आडवे-उभे चिकटवा आणि पॉलिश पुढे जितके हात द्याल तितकेच मागेही द्या. एका बाजूला जास्त दिलं की दुसरी बाजू ओल पिते आणि फळी वाकते. पहिला पिकगार्ड लाकडाचा करू नका.

पीव्हीसीची शीट स्वस्त आणि कापायला सोपी, हाताने काम करणार असाल तर चालेल. मात्र ती लेझरवर कधीही नेऊ नका. जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो फुप्फुसाला घातक असतो आणि मशीनही गंजवतो. लेझरसाठी अ‍ॅक्रिलिकच. तुकडा कशाचा आहे याची खात्री नसेल तर तो लेझरवर द्यायचा नाही.

कापणं

शीटवरचा संरक्षक कागद काढू नका. सनमायकावर दोन्हीकडे मास्किंग टेप लावा म्हणजे कडेचे कपचे उडत नाहीत. टेम्पलेट दुहेरी चिकटपट्टीने शीटवर बसवा, बाहेरून रेघ मारा आणि रेघेच्या २ ते ३ मिमी बाहेरून कापा. बारीक दातांची कोपिंग सॉ घ्या. जिगसॉ असेल तर हळू वेगावर, कारण वेगात अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि पात्यामागे परत चिकटतं. पडवीत किंवा खळ्यात, वारा पाठीवर घेऊन काम करा आणि मास्क लावा. सनमायकाची धूळ छातीला वाईट.

शेवटचे दोन-तीन मिलिमीटर काढायला सुताराचं ट्रिमर मशीन सर्वोत्तम. फर्निचरच्या कडेचा जादा सनमायका उडवायला तो रोज जे वापरतो तेच हे. बेअरिंग असलेली सरळ बिट लावली की बेअरिंग टेम्पलेटला टेकून फिरतं आणि बिट शीटला तंतोतंत तोच आकार देते. मशीन फिरवायचा सराव नसेल तर टेम्पलेट लावलेला तुकडा सुताराकडे घेऊन जा, पाच मिनिटांचं काम आहे. मशीन नसेल तर कानस. वेळ लागतो, पण हाताने घासलेल्या पिकगार्डमध्ये काही कमी राहत नाही. कानशीचा ओढा नेहमी दर्शनी बाजूकडून मागच्या बाजूकडे ठेवा, उलटा ओढलात तर दर्शनी कड फुटेल.

लेझर मिळत असेल तर टेम्पलेट स्कॅन करून रेखाचित्राची फाइल बनवावी लागते. मोठ्या गावांत पाट्यांचं काम करणाऱ्यांकडे चौकशी करा. सिंधुदुर्गातून कोल्हापूरला जाणं-येणं असतंच, तिथे नक्की मिळेल. शीटवर जाण्याआधी तीच फाइल पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि घरी बॉडीवर ठेवून बघा. दुसरी फेरी पडली तरी चालेल. आणखी एक: लेझरने कापलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या कडेला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. कडेत ताण साठलेला असतो आणि स्पिरिट लागताच बारीक बारीक चिरा पडतात. साबणाचं पाणी पुरे.

भोकं

खाली लाकडाचा तुकडा घट्ट धरल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही. बिट आरपार जाताना अ‍ॅक्रिलिकला हिसका देते आणि नेमकी तेव्हाच शीट फुटते. आधी २ मिमी, मग ३, मग मोठं, असं पायरीपायरीने जा, वेग कमी आणि दाब हलका. स्क्रूचं भोक स्क्रूच्या जाडीपेक्षा थोडं मोठं ठेवा: ३ मिमीच्या स्क्रूला अ‍ॅक्रिलिकमध्ये साडेतीन, सनमायकात सव्वातीन. स्क्रूच्या डोक्यासाठी काउंटरसिंक बिट हाताने फिरवून खळगा करा. मशीनला लावली तर एका क्षणात आरपार जाते.

पॉटच्या मानेचं माप स्वतः घ्या. छोट्या पॉटची मान ७ ते ८ मिमी असते, मोठ्या अमेरिकन मापाच्या पॉटची साडेनऊ. दोन्हींसाठी एकच भोक चालणार नाही. सिलेक्टर स्विचची फट आधी ओळीत बारीक भोकं पाडून, मग ती सुईच्या कानशीने जोडून करायची. दांडी पाचही जागी न घासता सरकली पाहिजे, शेवटच्या दोन जागा खास तपासा. पिकअपच्या खिडक्यांना दोन्ही टोकांना गोल भोक पाडून मधलं कोपिंग सॉने काढायचं आणि पिकअपचं आवरण हातात घेऊन घासत राहायचं. आवरण स्वतःच्या वजनाने आत सरकलं पाहिजे. दाबून बसवावं लागलं तर पिकअपची उंची बदलताना अडकेल.

कड

४५ अंशांची तिरकी कड ही शोभेची गोष्ट आहे असं वाटतं, पण मनगट रोज तिथेच घासतं. ट्रिमरला तिरकी बिट लावून एका फेरीत होते. हाताने करायची तर सपाट कानस एकाच कलाने धरून लांब लांब ओढे द्या, छोटे दिलेत तर कड लाटांसारखी दिसते. सनमायकात मधला थर रेघेसारखा दिसायला लागला की त्या रेघेची जाडी सगळीकडे सारखी आहे ना, यावर नजर ठेवा. तीच तुमची मोजपट्टी. शिंगाच्या आतल्या वळणावर कानस पोचत नाही, तिथे पेन्सिलीभोवती पॉलिश पेपर गुंडाळा. मग २२०, ४००, ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून, आणि अ‍ॅक्रिलिक असेल तर १२०० नंतर गाडीचं रबिंग कंपाउंड सुती फडक्याने. कड काचेसारखी होते.

मागचं फॉइल

प्लास्टिकवर हात घासला की अ‍ॅम्पमधून चटचट आवाज येतो, आणि ट्यूबलाइटजवळ गुणगुण वाढते. दोन्हींवर पिकगार्डच्या मागे लावलेलं धातूचं फॉइल हाच इलाज. स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियम फॉइल गोंदाने चिकटवलं तरी चालतं, पण त्यावर साधं सोल्डर बसत नाही, पॉटचा नट आवळून, पॉट आणि पिकगार्डच्या मधे दाबूनच ते ग्राउंडला जोडावं लागतं. तांब्याची चिकट टेप महाग, पण तिच्यावर सोल्डर करता येतं. खाऱ्या हवेत दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकले की तिथे क्षरण सुरू होतं, म्हणून तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र लावू नका. दोहोंतलं एकच घ्या, आणि किनाऱ्याला राहत असाल तर तांबं. टेपच्या पट्ट्या एकमेकींवर ५ मिमी चढवा आणि प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक थेंब द्या, गोंदावर भरवसा ठेवू नका. मग मल्टिमीटर बीप मोडवर ठेवून एक टोक फॉइलच्या एका कोपऱ्याला, दुसरं पॉटच्या पाठीला लावा. सगळीकडे बीप आलाच पाहिजे. सिलेक्टर स्विचचे पाय फॉइलला किंवा खाचेच्या भिंतीला लागणार नाहीत हे बघा, तिथे इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा. एवढ्या एका स्पर्शाने पूर्ण गिटार मुकी होते.

बसवणं

पिकअप, पॉट, स्विच नव्या पिकगार्डवर चढवा, फोटो बघत वायरी जोडा आणि स्क्रू लावण्याआधीच केबल लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टिचकी मारून बघा. ज्या पिकअपवर स्विच आहे त्यातूनच आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर आत्ताच शोधा.

जुनी भोकं नव्याशी जुळत नसतील तर बांबूची बारीक काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोका, दुसऱ्या दिवशी सपाट कापा. नवी भोकं पाडण्याआधी नेक आणि दोन बाहेरच्या तारा पुन्हा चढवा, पिकगार्ड टेपने पक्का करा, खुंट्या तारांखाली आहेत याची खात्री करा, मग प्रत्येक भोकाच्या मध्यावर खूण करा. ३ मिमीच्या स्क्रूला लाकडात २ मिमीचं भोक. बिटला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा, बॉडीची जाडी साडेचार सेंटीमीटरच्या आसपास असली तरी खाचेजवळ लाकूड पातळ असतं. स्क्रूवर मेणबत्ती घासा, लाकडात अलगद जातो.

सगळे स्क्रू आधी अर्धे लावा, मग मधून बाहेर जात पूर्ण करा. डोकं टेकलं की थांबा. त्यापुढचा पाव फेरा अ‍ॅक्रिलिकला चीर पाडतो. मग सगळ्या तारा चढवा, पिकअपची उंची लावा, आणि तिन्ही पिकअप एकेक करून ऐका. गुणगुण जुन्यापेक्षा जास्त वाटली तर जॅकच्या आणि पंजाच्या ग्राउंडची वायर तपासा. तरीही असेल तर घरच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या. जुन्या कौलारू घरांत बऱ्याचदा तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. अ‍ॅम्पचा तीन पिनचा प्लग कापून दोन पिनचा कधीही करू नका, तारांना हात लागलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा सगळे स्क्रू तपासा. लाकूड ओलाव्याने फुगून परत आक्रसलेलं असतं, काही सैल झालेले सापडतील. टेम्पलेटवर गिटारचं नाव आणि ब्रिजचं माप लिहून ते माळ्यावर सपाट ठेवून द्या.